हुबायची सीडी ऐकली, मास्तरांकडे जरा उशिराच पोचलो

व्हायोलिनच्या सीडींमधली पुस्तिका वाचायची खोड असेल तर येनो हुबाय या हंगेरियन व्हायोलिनवादक-संगीतकाराचं नाव तुम्ही शंभरदा वाचलं असणार, पण कायम दुसऱ्या कोणाच्या तरी परिचयात, "हुबायचा शिष्य" म्हणून. सिबेलियसने आपला व्हायोलिन कॉन्चेर्टो (एक सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची मोठी रचना) ज्याला अर्पण केला तो वेचेई हुबायचा, बार्टोकने ज्या स्टेफी गेयरसाठी पहिला कॉन्चेर्टो लिहिला (आणि जो तिने जन्मात कधी जाहीर वाजवला नाही!) ती हुबायची, राव्हेलने 'त्सिगान' जिच्यासाठी केलं ती येली दारान्यी, सिगेती, सेकेय, अगदी कंडक्टर म्हणून नाव कमावलेला ऑर्मंडी, सगळी एकाच क्लासातली पोरं. मग या माणसाने स्वतः काय लिहिलं हे मी इतकी वर्षं का नाही ऐकलं, असं वाटून शेवटी हायपेरियन कंपनीची सीडी मागवली. तिसरा आणि चौथा कॉन्चेर्टो, वर हंगेरियन थीमवरची व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच धुनेची वेगवेगळी रूपं. हगाय शाहम व्हायोलिनवर, बीबीसी स्कॉटिश सिम्फनी, कंडक्टर मार्टिन ब्रॅबिन्स. (पार्सल आलं तेव्हा डबीचा कोपरा उडालेला होता, ज्या साइटवरून घेतली त्यांनी नुसत्या पातळ पाकिटात घालून पाठवलेली, पण डिस्कला काही झालं नव्हतं म्हणून सोडून दिलं.)

तर मुद्द्याचं. तिसरा कॉन्चेर्टो पैसा वसूल आहे. दुसरा भाग स्केर्झो, म्हणजे खेळकर चालीचा, तिथून ऐकायला सुरुवात करा असं मी सांगेन, इतका हलका आणि इतका भरभर की बो (गज) तारेला टेकतोय की नाही कळत नाही, आणि तरी कुठे "बघा मी काय वाजवतोय" असा भाव नाही. त्याच्यामागून येणारा अडाजिओ, म्हणजे संथ भाग, मात्र एकट्याने बसून ऐकायचा. लिहिणारा स्वतः रोज व्हायोलिन हातात धरणारा होता हे दर ओळीत कळतं, ऑर्केस्ट्रा कधी सोलोवर चढत नाही. उलट हीच थोडी खोट पण आहे, ऑर्केस्ट्राला स्वतःचं असं फारसं बोलायला मिळतच नाही, आणि हुबायचे गुरू योआखिम ज्या ब्राम्ससाठी वाजवायचे त्या ब्राम्सचा कॉन्चेर्टो डोक्यात ठेवून बसलात तर हे पातळ वाटेल. बाय द वे ब्राम्स स्वतः बुडापेस्टला येऊन हुबाय आणि चेलोवाल्या पॉपरबरोबर ट्रिओ वाजवून गेलेत, म्हणजे माणूस काही साधासुधा नव्हता.

चौथा 'जुन्या पद्धतीचा' म्हणून बरोक धाटणीत लिहिलाय. छान आहे, पण मी दोनदाच ऐकला.

व्हेरिएशन्स ऐकताना कळतं की त्याच्या डोक्यातली हंगेरी म्हणजे चार्दाश नाचवाली, आधी संथ लाश्शू मग सुसाट फ्रिश, आपल्या विलंबित-द्रुतची सवय असलेल्या कानाला हे लगेच पटतं. बार्टोक आणि कोडाय हे संगीतकार गावोगाव फिरून शेतकऱ्यांची गाणी गोळा करत होते साधारण त्याच काळात हा तिसरा कॉन्चेर्टो झालाय, 1906-07, आणि पुढे 1919 ते 1934 तिथल्या संगीत अकादमीचा प्रमुख हाच. दोन हंगेरी, एक चार्दाशवाली आणि एक शेतकऱ्यांच्या गाण्यांची, एकाच इमारतीत. नवी जिंकली आणि मास्तर मागे पडले, माझ्या मते यात थोडा अन्याय झालाय पण थोडाच. आणि क्लास म्हणजे काही गोड आठवणींचा कारखाना नव्हता हं, लहान वयात स्टार व्हायची तिथली चढाओढ सिगेतीला नंतर अजिबात आवडलेली दिसत नाही.

शाहमबद्दल एक गोष्ट मला नंतर कळली. त्याची गुरू इलोना फेहेर, आणि ती हुबायकडे शिकलेली. म्हणजे नातूशिष्य वाजवतोय. म्हणून मग हुबायने सत्तरीत स्वतः रेकॉर्ड केलेला 'क्रेमोनाचा व्हायोलिनकार' या त्याच्याच ऑपेरातला इंटरमेझो शोधून ऐकला. खरखर भरपूर, पण एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना म्हातारा बोट उचलतच नाही, सरळ घसरत नेतो, आपल्याकडच्या मींडीसारखं. लगेच शाहमचा अडाजिओ परत लावला. घसरण आहे तिथेही, फक्त निम्मी, आणि सूर गाठल्यावर बोट जरा लवकर थांबतं. मला म्हाताऱ्याची जास्त आवडली.