कॅनन आर६ मार्क २ आणि ७०-२०० एफ/२.८ : नागपुरातल्या एका नाट्यहंगामानंतर

बॉडी कॅनन ईओएस आर६ मार्क २, लेन्स आरएफ ७०-२०० एफ/२.८ एल. वापर एकाच कामासाठी, मंचासाठी. हौशी नाटकं, भरतनाट्यम आणि कथकचे कार्यक्रम, गाण्याच्या मैफिली, हिवाळ्यात मैदानावरचे मोठे सोहळे आणि अधूनमधून झाडीपट्टीकडची, म्हणजे पूर्व विदर्भातली, दंडार हे लोकनाट्य. लग्न, पक्षी किंवा व्हिडिओसाठी घ्यायचा विचार असेल तर इथे फारसं हाती लागणार नाही.

या कॅमेऱ्याची जाहिरात सेकंदाला ४० फ्रेमच्या वेगावर आणि डोळा पकडणाऱ्या फोकसवर होते. दोन्ही चांगलेच आहेत. पण मंचावर पैसे वसूल करून देते ती मेनूत खोल दडलेली सोय, हाय फ्रिक्वेन्सी अँटी-फ्लिकर, म्हणजे दिव्यांच्या लुकलुकण्याशी शटरचा वेग जुळवणं. आयएसओची काळजी सगळेच करतात. नागपुरातल्या आजच्या मंचावर फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा शटरच्या वेगामुळे.

मंचावर समोरून हॅलोजन, म्हणजे पार ६४ किंवा फ्रेनेल जातीचा दिवा, पूर्ण जळत असेल तर त्याच्या प्रकाशाचा रंग साधारण ३२०० केल्विनचा. डिमर खाली आणला की तोच दिवा आणखी नारिंगी होत जातो. विंगेतून एलईडी पार, निळे-जांभळे. मागे एलईडी वॉल, तिचा पांढरा बराच थंड. फॉलो स्पॉटचा रंग याहून निराळा. त्यात सत्काराच्या वेळी कोणीतरी सभागृहाचे दिवे सुरू करतो. एकाच चेहऱ्यावर इतके प्रकार पडले की ऑटो व्हाइट बॅलन्स दर फ्रेमला मत बदलतो, म्हणून तो पहिल्यांदा बंद करावा.

आता एलईडीमुळे फोटोत पडणाऱ्या पट्ट्यांबद्दल. एलईडी मंद करायचा म्हणजे बहुतेक पारमध्ये तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केला जातो. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. शटर उघडं असताना या आवर्तनांची पूर्ण संख्या बसली तर फोटो स्वच्छ येतो. अर्धं-पाऊण आवर्तन उरलं की फ्रेमभर गडद-फिके पट्टे पडतात. उदाहरणार्थ, पार ६०० हर्ट्झचा असेल तर १/१०० ला सहा, १/१५० ला चार आणि १/२०० ला तीन पूर्ण आवर्तनं बसतात. १/१६० ला मात्र पावणेचार बसतात, आणि नेमका हाच वेग अनेकांच्या सवयीचा असतो. दिवा जितका मंद तितके पट्टे ठळक, कारण प्रत्येक आवर्तनात तो फारच थोडा वेळ पेटलेला असतो. पूर्ण जळणारा पार सहसा त्रास देत नाही.

दिव्याची फ्रिक्वेन्सी मंचावर कोणी सांगत नाही, पण कॅमेऱ्यातूनच काढता येते. तिसऱ्या घंटेच्या बरंच आधी, लाइट टेस्टच्या वेळी, लाइटवाल्याला एकच पार तीसेक टक्क्यांवर ठेवायला सांगा. पांढऱ्या पडद्यावर किंवा उपरण्यावर तो प्रकाश घ्या, फोकस मुद्दाम घालवा, इलेक्ट्रॉनिक शटर लावा, वेग १/१००० ठेवा आणि एक फोटो काढा. कॅमेरा आडवा धरला तर पट्टे आडवे दिसतील. या बॉडीचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरवर पूर्ण फ्रेम वाचायला सुमारे १४.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा अडुसष्टावा भाग, घेतो, म्हणून पट्ट्यांच्या जोड्या मोजून ६८ ने गुणलं की फ्रिक्वेन्सीचा अंदाज येतो. नऊ जोड्या दिसल्या तर ती ६०० च्या आसपास. मग हाय फ्रिक्वेन्सी अँटी-फ्लिकर सुरू करायचं. यात शटरचा वेग दशांशात बदलतो आणि खरी मजा तिथेच आहे. पार ६१२ हर्ट्झचा निघाला तर १/१५० वर फिकट पट्टे राहतात, १/१५३.० वर जातात. नेहमीच्या एक-तृतीयांश पायऱ्यांमध्ये हा आकडा मिळतच नाही. कॅमेरा स्वतः दिवा तपासून वेग सुचवतोही, पण एका वेळी एकच दिवा समोर असेल तेव्हाच त्या सूचनेवर विसंबावं. हा पर्याय एम (सगळं मॅन्युअल) आणि टीव्ही (शटरचा वेग आपण ठरवतो) मोडमध्ये वापरायचा आहे. ‘माय मेन्यू’मध्ये पहिल्याच ओळीत टाकून ठेवा, नाहीतर अंधारात शोधत बसाल.

मंचावर दोन मंडपवाल्यांचे दोन वेगळे पार आले की कोणताही एक आकडा पुरत नाही. तेव्हा शटर हळू करा. १/१०० ला सहा आवर्तनं जात असतील तर उरलेल्या पाव आवर्तनाचा फरक थोडाच दिसतो. १/५०० ला एकच आवर्तन जातं, तिथे तोच फरक फोटो खराब करतो. १/१०० चा आणखी एक फायदा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि त्यांचंही गणित याच वेगात बसतं. लाइटवाला ओळखीचा असेल तर मंद प्रसंगासाठी पार १५ टक्क्यांवर नेण्याऐवजी निम्मेच पार पेटवून प्रत्येक ६०-७० टक्क्यांवर ठेवायला सांगावं. काही पारच्या मागच्या मेनूत फ्रिक्वेन्सी वाढवायचीही सोय असते. ती हजारांत नेली की सगळं गणित संपतं. एवढं सांगायला एक चहा पुरतो बाप्पा, आणि नवीन लेन्सपेक्षा तो स्वस्त पडतो.

आवाजाचं त्रांगडं वेगळं. नाटकातल्या शांत प्रसंगात मेकॅनिकल शटर पहिल्या चार रांगांना ऐकू जातं आणि ते प्रयोगाचा रसभंग करतं. इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण मूक आहे, पण वेग जुळला नाही तर त्यावर पट्टे जास्त संख्येने उमटतात, कारण मेकॅनिकल पडदा तेच अंतर सुमारे चार मिलिसेकंदांत कापतो. म्हणून नाटकाला इलेक्ट्रॉनिक शटर आणि जुळवलेला वेग. मैफिलीत आणि नृत्यात तबला, पखवाज, स्पीकर असतातच, तिथे मेकॅनिकल. कथकच्या चक्करमध्ये इलेक्ट्रॉनिकवर हात किंचित वाकडे येतात, तेही टळतं. ४० फ्रेमचा वेग मंचावर जवळजवळ निरुपयोगी आहे. कार्ड भरतं आणि निवडायला दुसरा दिवस जातो. इलेक्ट्रॉनिकवर ५ फ्रेमचा पर्याय संवादांना भरपूर होतो.

दुसरी मोठी गोष्ट रंगाची. निळ्या एलईडीत चेहऱ्यावर फक्त निळाच प्रकाश असतो, लाल जवळजवळ नसतोच. अशा फोटोत व्हाइट बॅलन्स कितीही फिरवला तरी त्वचेचा रंग परत येत नाही. जो प्रकाश पडलाच नाही तो सॉफ्टवेअर कुठून आणणार? म्हणून बचाव फोटो काढतानाच करायचा. एक्सपोजर मॅन्युअल ठेवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, ब्राइटनेसवरून आरजीबीवर (लाल-हिरवा-निळा वेगवेगळा) न्या. निळ्या प्रकाशात साधा हिस्टोग्राम मध्यावर शांत बसलेला असतो आणि निळा चॅनेल उजव्या भिंतीला आपटलेला असतो. फोटोत कपाळावर सपाट निळा डाग येतो, त्यात सुरकुतीही नाही आणि रंगभूषाही नाही. निळा आलेख भिंतीच्या आत येईपर्यंत एक्सपोजर कमी करा. बहुतेक वेळा दोन-तृतीयांश ते सव्वा स्टॉप लागतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवून सॅच्युरेशन दोन पायऱ्या उतरवली की हिस्टोग्राम रॉच्या, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलच्या, थोडा जवळ जातो. लाल वॉशमध्ये, म्हणजे मंचभर पसरलेल्या लाल प्रकाशात, हेच लाल चॅनेलचं होतं. दोन्हीकडे हिरवा चॅनेल बहुधा शाबूत असतो, म्हणून फोटो कृष्णधवल करायचा असेल तर हिरव्यावरूनच करावा; चेहऱ्याचे उतार तिथे सापडतात.

व्हाइट बॅलन्स समोरच्या मुख्य दिव्याला द्यायचा. हॅलोजन पूर्ण असेल तर ३२००, मंद असेल तर २८००, हॅलोजन-एलईडी मिसळ असेल तर ३८०० ते ४२०० केल्विन. बाजूचा निळा निळाच दिसू द्यावा, प्रकाशयोजनाकाराने तो मुद्दाम टाकला आहे. चेहरा सोडून सगळं पांढरं करायच्या नादात प्रसंगाचा मूडच जातो. यूव्ही दिवे असतील तर पांढरी धोतरं आणि उपरणी निळसर चमकतात, कारण धुलाईच्या पावडरीतलं चमक आणणारं रसायन ते अतिनील किरण पकडतं. ते खरोखर तसंच चमकत असतं, कॅमेऱ्याला दोष देऊ नका.

फोकस एकंदरीत उत्तम. भरतनाट्यमचं काजळ आणि मोठे डोळे कॅमेरा लांबून पकडतो. दंडारीतले चेहरे रंगाने माखलेले असले की तो थोडा चाचपडतो, तरी सुटत नाही. खरी अडचण एलईडी वॉलची. मागे गायकाचाच चेहरा दहापट मोठा दिसत असेल तर कॅमेरा तोच पकडतो, आणि खरा गायक धूसर. पूर्ण क्षेत्राचं ट्रॅकिंग बंद करा, फ्लेक्झिबल झोन एएफचा लहान चौकोन ठेवा, फोकस एएफ-ऑन बटणावर न्या. वॉलवर जाळीदार नक्षी उमटत असेल तर छिद्र एफ/२.८ वरच ठेवावं आणि कलाकाराला वॉलपासून दोन-तीन मीटर पुढे उभं राहू द्यावं. वॉल धूसर झाली की जाळी जाते.

लेन्सबद्दल थोडक्यात. २०० मिमीला १५ मीटरवरून फ्रेम साधारण २.७ बाय १.८ मीटरची येते. उभा कॅमेरा धरला तर पूर्ण माणूस आरामात बसतो. सुरेश भट सभागृहासारख्या सुमारे २००० आसनांच्या जागी मागे ढकललं गेलं आणि अंतर २५ मीटर झालं तर फ्रेम साडेचार बाय तीन मीटर होते. तेव्हा १.६ क्रॉप, म्हणजे फ्रेमचा फक्त मधला भाग घेणं, कामाला येतो, फाइल साडेनऊ मेगापिक्सेलच्या आसपास उरते, वर्तमानपत्राला पुरेशी. १५ मीटरवर एफ/२.८ ला फोकसची खोली जेमतेम मीटरभर. दोन नट पुढे-मागे उभे असतील तर एफ/४ आणि आयएसओ दुप्पट. ६४०० पर्यंत निश्चिंत राहा, १२८०० ला डिनॉइज (फोटोतले दाणे काढणारी सोय) तीस-चाळीसवर चालवा. त्याहून जास्त ओढलं की रंगभूषा मेणासारखी दिसते. निळ्या-जांभळ्या डागांसाठी लाइटरूममध्ये प्रोफाइल कॅमेरा न्यूट्रल, मग कॅलिब्रेशनमध्ये ब्लू प्रायमरीचं सॅच्युरेशन तीस ते पन्नास उतरवा. त्याने जे निघत नाही त्यासाठी चेहऱ्याच्या त्वचेचा मास्क. पट्टे मात्र संपादनात नीट निघत नाहीत.

किरकिर करण्यासारख्या गोष्टी आहेतच. चालू-बंदचा खटका उजवीकडे गेला आणि जुन्या आर६ मध्ये तो होता त्या जागी फोटो-व्हिडिओचा खटका आला, त्यामुळे हात सवयीने तिकडे जातो आणि व्हिडिओ मोड लागतो. लेन्स झूम करताना लांब होते. रेशीमबागेच्या मैदानावरची धूळ बसलेली नळी आत ओढण्याआधी फडक्याने पुसावी. टेलिकन्व्हर्टर (पल्ला वाढवणारं जोडभिंग) या लेन्सला बसत नाही, हे घेण्याआधी ठाऊक असलेलं बरं.

बजेट कमी असेल तर जुनी ईएफ ७०-२०० एफ/२.८ एल आयएस ३ आणि अ‍ॅडॉप्टर घ्या. फोकसमध्ये मंचावर जाणवेल असा फरक नाही, वजन तेवढं वाढतं. बहुतेक काम पहिल्या पाच रांगांतून होत असेल तर आरएफ १३५ एफ/१.८ चा विचार करावा. सव्वा स्टॉप मिळतो, म्हणजे ६४०० चं काम २६०० च्या आसपास होतं, पण झूम नाही, त्यामुळे नट विंगेतून धावत पुढे आला की फ्रेममध्ये पाय कापले जातात.