गोव्यातल्या माइनवरचा सेकंडहॅण्ड टिपर : घ्यावा का, वापरलेल्याचं मत

सारखं कोण ना कोण फोन करून विचारतंय म्हणून एकदाच सविस्तर टाकतो. गाडी सहाचाकी, दहा टनी टिपर, 2010 चं मॉडेल, पासिंग जीए झिरो फोर म्हणजे डिचोलीचं. घेतला 2019 चा पाऊस गेल्यावर. आपलं काम सावंतवाडी-कुडाळ साईडला खडी, मुरूम, माती भरायचं, त्यात तेव्हा हायवेच्या चौपदरीकरणाचं काम जोरात होतं आणि गाड्या कमी पडत होत्या. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या गाडीचं जे काय चांगलं-वाईट आहे ते कंपनीने केलेलं नाही, मायनिंगने केलेलं आहे.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, एवढा स्वस्त कसा काय मिळाला. नव्या गाडीच्या पाव किमतीच्या आसपास मिळाला, आणि चोरीचा नाही, अपघाताचा नाही. कारण सरळ आहे, मायनिंग बंद पडलं आणि खाणींचा अख्खा पट्टा एकदमच विकायला निघाला होता. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, जिथे जाल तिथे अंगणात टिपर उभे आणि घेणारा कोण नाही. गोव्यात तर कोणी घेणारच नव्हतं, घ्यायला आम्ही महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले. भाव कोण ठरवणार ते तुम्हीच बघा.

आता 2010 चंच मॉडेल एवढं का दिसतं ते समजून घ्या, कारण गाडी तपासताना याचाच उपयोग होतो. 2008 च्या ऑलिंपिकच्या आधीपासून चायना मिळेल तो ओर, म्हणजे लोहखनिज, उचलत होता. गोव्याचा माल तसा हलक्या ग्रेडचा, लोखंड 58 टक्क्यांच्या खालीच जास्त, तो आपल्याकडे कोण फारसं घेत नव्हतं पण चायनाला चालायचा. 2010-11 ला गोव्यातून 5 कोटी टनांच्या आसपास ओर बाहेर गेला, आणि 2011 च्या सुरुवातीला जागतिक बाजारात टनाला 190 डॉलरपर्यंत भाव होता. त्या दोन-तीन वर्षांत गावात ज्याच्याकडे सातबारा नाही त्यानेपण ट्रक घेतला. ज्यांच्या भातशेतीत माइनची माती वाहून आली आणि शेती गेली त्यांना तर दुसरं काय राहिलंच नव्हतं, ट्रक घ्या, खेपा देतो, हप्ता आरामात निघेल. निघत पण होता हो, खोटं कशाला बोला.

मग सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा मायनिंगची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा रिपोर्ट आला, राज्य सरकारने मायनिंग थांबवलं, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. ट्रक जिथे होते तिथे उभे. एप्रिल 2014 ला कोर्टाने बंदी उठवली पण वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून, आणि प्रत्यक्ष माल हलायला 2015 उजाडलं. तोपर्यंत चायनाची भूक मेली होती. 2015 च्या डिसेंबरात ओर 40 डॉलरच्या खाली गेला. म्हणजे कोर्टाने सोडलं आणि बाजाराने धरलं. आधी एक्स्पोर्ट ड्युटी 30 टक्के होती, हलक्या मालावरची नंतर कमी करून काढूनच टाकली, पण भावच नाही तर ड्युटी काढून काय करणार. खेपा कमी, टनामागे रेट कमी, डिझेल मात्र आपल्या रेटने. आणि फेब्रुवारी 2018 ला कोर्टाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या, मार्चच्या मध्याला काम बंद, मी गाडी घेतली तेव्हाही बंदच.

म्हणजे हिशोब केलात तर माझी गाडी दोन वर्षं मरणाची पळाली, तीन वर्षं उभी राहिली, मग अडीच वर्षं अर्धवट चालली आणि परत उभी. गाडी बघायला जाताना हे डोक्यात ठेवा. आपण सेकंडहॅण्ड गाडी बघताना किती पळाली ते बघतो. माइनच्या टिपरला किती उभी राहिली ते बघायचं.

मीटरवर अजिबात जाऊ नका. आकडा कमीच दिसणार आणि तो खरापण असतो, कारण माइनवरून जेटीपर्यंत, म्हणजे नदीकाठी माल बार्जमध्ये भरतात तिथपर्यंत, अंतर ते केवढं, दहा-वीस किलोमीटर. पण ते अंतर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, लाइनीत, लोड घेऊन, तासन् तास इंजिन चालू. त्यामुळे किलोमीटर नव्या गाडीचे आणि क्लच, गिअरबॉक्स म्हाताऱ्याचे. माझ्या गाडीची क्लच प्लेट पहिल्या महिन्यातच बदलावी लागली, जॉइंट क्रॉस गेले, मागचे पाटे दोन तुटलेले होते आणि वेल्डिंगने चिकटवलेले. टायर दिसायला चांगले, गोट्या म्हणजे वरची नक्षी भरपूर, पण उन्हापावसात उभे राहून रबर कडक होऊन चिरा गेलेल्या, लोड घातला की फुटतात. सहाच्या सहा बदलले. हे टायरचे पैसे किमतीतच धरून चला नाहीतर स्वस्त मिळाला म्हणून नाचाल आणि नंतर बसाल डोकं धरून.

हौदा तळाला सडलेला होता. ओरची माती कोपऱ्यात राहते, पाऊस पडला की ती ओली, आणि गोव्याचा पाऊस म्हणजे चार महिने. नवीन पत्रा मारला. जॅकची सील गेली होती, उचलताना तेल गळायचं, ते किरकोळ काम. पण एक गंमत सांगतो, मागची चाकं खोलली तेव्हा हबच्या आत ग्रीस लाल. विटेसारखं लाल. वायरिंगच्या पाइपात लाल, सीटच्या फोममध्ये लाल, फिटरने हवा मारली तर अर्धं गॅरेज लाल झालं. आजही पावसाळ्यात डॅशबोर्डखालून लाल पाणी उतरतं, कुठे एवढं साठलंय देव जाणे.

इंजिन मात्र खणखणीत. आधीचे मालक म्हणाले होते, इंजिनाक हात लावंक ना, म्हणजे इंजिन कधी खोललेलं नाही, आणि ते खरं निघालं. डिझेल पंप साफ केला, नोझल बदलले, टाकीत गंज होता ती धुतली, बस. लोड घेऊन चढाला लिटरमागे साडेतीन देतं, रिकामं येताना जरा बरं. धूर काढतं थोडा पण ओढतं. हायवेच्या कामावर सलग चालला, दगा दिला नाही.

मालकांबद्दल लिहिल्याशिवाय रिव्ह्यू पूर्ण होणार नाही कारण अशी गाडी घेताना माणूस बघूनच घ्यावी लागते. डिचोली तालुक्यातलं गाव, साठीचे गृहस्थ, मराठी आपल्यासारखंच, अंगणात तीन टिपर ओळीने. एकाच्या केबिनवर वेल चढलेला आणि काचेपर्यंत फुलं. तो भंगारात वजनावर जाणार होता. बाजूला खोल्यांची चाळ, एकूणएक कुलपं. मी विचारलं भाड्याने देत नाही का, तर म्हणाले देणार कोणाला, या सगळ्या ड्रायव्हर-क्लीनर लोकांसाठीच बांधल्या होत्या. ट्रकचा हप्ता एक आणि खोल्यांच्या कर्जाचा वेगळा. बाहेरच्यांना वाटतं बंदीत कंपनीचं नुकसान झालं, पण गावात असं असतं की ट्रक थांबला की खोली रिकामी, खोली रिकामी की नाक्यावरची खाणावळ बंद, पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, बॅटरीवाला, चहाची गाडी, सगळी ओळ आडवी. उसगावच्या तिस्क नाक्यावर मी पूर्वी गेलो तेव्हा रस्ता क्रॉस करायला जागा नसायची, गाडी घ्यायला गेलो तेव्हा भर दुपारी कुत्रं रस्त्याच्या मध्ये झोपलेलं.

या टिपरवर जो ड्रायव्हर होता तो कर्नाटकातल्या होस्पेटकडचा. तो तिकडेपण ओरच मारायचा. जुलै 2011 मध्ये बळ्ळारीत सुप्रीम कोर्टाने मायनिंग थांबवलं तेव्हा बायकोमुलांना गावी ठेवून हा गोव्यात आला, आणि वर्ष-सव्वा वर्षात इकडेपण तेच. 2015 ला सुरू झालं तर मालकाच्या फोनवर परत आला, 2018 ला परत गेला. सनवायझर खाली केला तर मागच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने त्याने खेपा मांडलेल्या, तारीख आणि पुढे काड्या, मधे कुठे कानडीत नाव आणि उसने दिलेले पैसे. खेपेवर पैसे मिळायचे ना, म्हणून हिशोब स्वतः ठेवायचा, आणि म्हणूनच ते लोक तशी मारायचे गाडी, लोक शिव्या घालायचे त्यांना.

आता माझं मत, कोणाला पटो न पटो. सरकारने ट्रकवाल्यांना, बार्जवाल्यांना मदत दिली, कर्जासाठी एकरकमी तडजोडीची योजना काढली, पणजीच्या आझाद मैदानावर मोर्चे निघाले ते पेपरात आलं. ते व्हायलाच हवं होतं. पण ही मदत गाडीच्या आरसी बुकावर होती. ज्याचं नाव आरसीवर नाही, ज्याचं रेशनकार्ड गोव्यातलं नाही, तो या यादीत बसला नाही. आमच्या दोडामार्गची किती तरी पोरं डंपरवर, वर्कशॉपला, वजनकाट्यावर होती, ती संध्याकाळच्या गाडीने घरी आली आणि विषय संपला. कोणी नंतर काजूच्या बागेत, कोणी पणजीला सिक्युरिटीत. मंदी आली की पहिला जातो तो भाड्याच्या खोलीतला माणूस, आणि तो गेल्याचं कोणी मोजत पण नाही, कारण जाताना तो बोंब मारत नाही, फक्त खोलीची चावी देतो.

परत गाडीकडे येतो. घासाघीस मी केली का, केली. धंदा आहे. पण ठरलेल्या रकमेतून नंतर कापाकापी केली नाही, काही लोक टोकन देऊन महिनाभर लटकवतात आणि मग भाव पाडतात, तसलं करू नका, समोरच्याच्या डोक्यावर बँक बसलेली असते.

कागदपत्रांचं मात्र डोकं उठतं. मालकांचं कर्ज तडजोडीत मिटलेलं होतं पण आरसीवर बोजा तसाच. बँकेकडून नो ड्यू, फॉर्म 35 घेऊन बोजा उतरवा, मग फॉर्म 28 ची एनओसी, मग इकडे येऊन टॅक्स परत भरा, मग नवीन नंबर. उभी होती त्या काळातलं फिटनेस नाही, इन्शुरन्स नाही, त्याचा दंड वेगळा. हे सगळं व्हायला गाडी दुरुस्त व्हायच्या दुप्पट वेळ लागला. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊच नका, मालक कितीही सज्जन असू दे.

किमतीला पैकीच्या पैकी मार्क, इंजिनला चांगले, बॉडी-टायर-क्लचला काठावर पास, कागदांना नापास. एकूणात 2019 ला घेतला ते बरोबर केलं, पैसे कधीच निघाले.

पण आज घ्याल का विचारलंत तर नको. एक तर डिसेंबर 2022 ला खाणींच्या ब्लॉकचे लिलाव झाले, 2024 मध्ये डिचोलीचा ब्लॉक सुरू झाला, त्यामुळे ज्यांनी गाड्या राखून ठेवल्या ते आता सहज सोडत नाहीत आणि सोडले तर भाव सांगतात. दुसरं म्हणजे 2010-11 च्या गाड्यांना 15 वर्षं झाली, गाडी जुनी होईल तशी फिटनेसची फी चढत जाते, आणि पार्ट चांगले राहिलेली गाडी शोधायला अंगणं पालथी घालावी लागतील. माझ्या मालकांना फोन केला होता, म्हटलं सुरू झालंय, घेताय का परत एखादा. म्हणाले मुलगा कॅसिनोत लागलाय, रात्रपाळी आहे पण महिन्याला पगार येतो, आणि राहिलेला तिसरा टिपर पाहिजे असेल तर सांगा, फक्त आता पूर्वीच्या भावात नाही.