लेट्रोझोल की क्लोमिफीन? पीसीओडीत बीज वाढवणाऱ्या दोन गोळ्या

पीसीओडीमुळे, म्हणजे अंडाशयाच्या संप्रेरकांशी (हार्मोन्सशी) निगडित विकारामुळे, पाळी लांबते, अंडं फुटत नाही आणि बाळ तर हवंय. अशा वेळी डॉक्टर पहिल्यांदा लिहून देतात ती बहुधा या दोनपैकी एक गोळी. घ्यायची रीतही सारखीच: पाळी सुरू झाल्यावर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून पाच दिवस गोळी, मग सोनोग्राफीवर फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीज किती वाढलं याची तपासणी. शरीरात गेल्यावर मात्र दोघींचं काम वेगळं चालतं, आणि निवड त्यावरच करायला हवी.

क्लोमिफीन जुनी, अमेरिकेत १९६७पासून वापरात. ती मेंदूला इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची चाहूल लागू देत नाही. इस्ट्रोजेन कमी पडलंय असं समजून मेंदू एफएसएच हे बीज वाढवणारं संप्रेरक वाढवतो आणि अंडाशयातली फॉलिकल्स, म्हणजे बीज असलेल्या इवल्या पिशव्या, वाढू लागतात. पण ही गोळी शरीरात कित्येक दिवस रेंगाळते. त्यामुळे एकाऐवजी दोन-तीन बीजं तयार होण्याची आणि जुळ्यांची शक्यता वाढते. शिवाय गर्भाशयाच्या अस्तरापर्यंतही इस्ट्रोजेनचा परिणाम नीट पोहोचत नाही. म्हणून काही जणींचं बीज छान वाढतं, अस्तर मात्र पातळच राहतं.

लेट्रोझोल इस्ट्रोजेन तयार होणंच काही दिवस कमी करते. तिचा अंमल लवकर ओसरतो. मग वाढणारं फॉलिकल स्वतः इस्ट्रोजेन बनवू लागतं, एफएसएच खाली येतं, लहान फॉलिकल्स मागे पडतात आणि बहुतेक वेळा एकच पुढे जातं. नैसर्गिक पाळीतही असंच घडतं.

२०१४ साली अमेरिकेत पीसीओएस (म्हणजेच पीसीओडी) असलेल्या ७५० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना बाळ झालं. क्लोमिफीनने अंगातून वाफा जास्त आल्या, लेट्रोझोलने थकवा आणि चक्कर.

तरीही लेट्रोझोलची चिठ्ठी हातात पडली की घरात धास्ती पसरते, कारण माहितीपत्रकावर स्तनाच्या कर्करोगाचं नाव असतं. ती मुळात त्याच आजाराची गोळी, हे खरं. बाळात व्यंग येईल या शंकेने भारतात २०११ साली वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदीही आली होती. ती नंतर उठली. त्याआधीच, २००६च्या ९११ बाळांच्या अभ्यासात क्लोमिफीनच्या तुलनेत व्यंगाचं प्रमाण जास्त आढळलं नव्हतं. मात्र गर्भ राहिला असताना दोन्ही गोळ्या घ्यायच्या नाहीत. पाळी आली नसेल तर आधी गर्भचाचणी करा.

पीसीओडी असेल तर मी निःशंकपणे लेट्रोझोलच्या बाजूने आहे. २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही तीच आधी द्या म्हणतात. अंडं दर महिन्याला वेळेवर फुटत असेल आणि दिवस न राहण्याचं कारणच सापडत नसेल, तर मात्र लेट्रोझोलची ही आघाडी दिसत नाही. क्लोमिफीन चालू असताना नजर धूसर झाली किंवा डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर पुढची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि कुठलीही गोळी सुरू करण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्या. ती राहून गेल्यामुळे बायकांनी महिनोन्‌महिने उगाच गोळ्या खाव्यात, हे मला फार अन्यायाचं वाटतं.