सोनी २००-६००: मासेमार शिकारी पक्ष्यांसाठी किनाऱ्यावर कितपत कामाची?

सोनीची एफई २००-६०० एफ ५.६-६.३ जी ही लेन्स २०१९ साली आली. तिच्याबद्दल बोलणं निघालं की लोक आधी शार्पनेस विचारतात. तो चांगलाच आहे, ६०० मिमीला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवरही (उजेड आत घेणारं छिद्र) बिनधास्त वापरावी. पण ऑस्प्रे, समुद्र गरुड किंवा ब्राह्मणी घार मासा उचलताना टिपायची असेल तर ही लेन्स घ्यायचं खरं कारण दुसरंच आहे: तिचा झूम आतल्या आत होतो आणि झूम रिंग थोडक्यात फिरते.

झूम केल्यावर नळी बाहेर येणाऱ्या लेन्स किनाऱ्यावर दोन प्रकारे त्रास देतात. नळी पुढे-मागे होताना खारी हवा आणि बारीक वाळू आत ओढली जाते, आणि नळी बाहेर आली की पुढचा भार वाढून गिंबलचा (ट्रायपॉडवर जड लेन्स तोलून धरणारं, सहज फिरणारं डोकं) तोल जातो. या लेन्सची लांबी २०० लाही ३१८ मिमी आणि ६०० लाही तेवढीच. गिंबलवर एकदा तोल साधला की दिवसभर हात लावावा लागत नाही. रिंग तर एका बोटाने फिरते, २०० ते ६०० एका दमात, पकड न बदलता. ऑस्प्रेच्या बाबतीत याची किंमत कळते.

ऑस्प्रे आधी पाण्यावर जागच्या जागी पंख मारत थांबतो. कधी टप्प्याटप्प्याने खाली येतो, पुन्हा थांबतो, कधी बेत सोडून पुढे निघून जातो. सूर मारला की मात्र पंख मागे जातात आणि अगदी शेवटच्या क्षणी पाय डोक्याच्या पुढे येतात. तो पायांनी पाण्यात शिरतो, साधारण मीटरभर खोल जाऊ शकतो. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. ६०० ला डोळा लावून बसलात तर सूर सुरू होताच पक्षी फ्रेमच्या खालून निसटतो आणि परत सापडेपर्यंत नुसता फेस उरतो. म्हणून तो थांबलेला असताना ३५०-४०० वर या, तिथेच फोकस धरा, पक्ष्याबरोबर खाली या आणि पाण्यातून वर निघाल्यावर ६०० ला जा. नवखे लोक हमखास एक चूक करतात. पाणी उडालं की पॅनिंग, म्हणजे पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवणं, थांबवतात. ऑस्प्रे पाण्यात थोडा वेळ थांबतो, मग जड पंखांनी वर उठतो, आणि थोडा वर गेल्यावर उडता उडताच अंग झटकून पाणी काढतो. मासा पंजात फिरवून त्याचं डोकं पुढे करतो, तेही तेव्हाच. सर्वात चांगल्या फ्रेम्स इथे असतात आणि तोवर कॅमेऱ्याचा बफर (काढलेले फोटो तात्पुरते साठवणारी जागा) भरलेला असतो. सूर मारताना छोटा बर्स्ट (सलग फोटो) द्या, बोट उचला, वर येताना पुन्हा दाबा.

समुद्र गरुडाचं तंत्र निराळं. तो सहसा सूर मारून पाण्यात शिरत नाही. लांबून तिरपा येतो आणि पृष्ठभागावरचा मासा पंजाने उचलून पुढे जातो. त्याचा मार्ग आधीच ओळखता येतो, त्यामुळे ५००-६०० वर राहिलात तरी चालतं. ब्राह्मणी घार तरंगतं काहीतरी टिपते, वळण मात्र अचानक घेते. तिच्यासाठी ४०० च्या आसपास राहा.

अंतराचा हिशेब आधीच डोक्यात पक्का असू द्या. फुल फ्रेम बॉडीवर ६०० ला ४० मीटरवर फ्रेमची रुंदी २.४ मीटर भरते. ऑस्प्रेचा पंखविस्तार दीड ते पावणेदोन मीटर, म्हणजे फ्रेम छान भरते. ८० मीटरवर हीच रुंदी ४.८ मीटर होते आणि पक्षी जेमतेम एक तृतीयांश उरतो. त्याहून लांबचा पक्षी फोटोपेक्षा नोंदीच्याच कामाचा. १.४ चा कन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी, पल्ला वाढवणारी जोड) लावला की ८४० मिमी मिळतात, पण अ‍ॅपर्चर एफ ९ होतं. खांबावर बसून मासा फाडणाऱ्या पक्ष्यासाठी ठीक आहे. सूर टिपायला लावू नका, पहाटेच्या उजेडात फोकस शोधत राहतो. २ चा कन्व्हर्टर, म्हणजे एफ १३, या कामासाठी विसरा. आणि कन्व्हर्टर लावायचा की नाही हे घरून निघतानाच ठरवा. वाऱ्यात, वाळूवर लेन्स उघडणं म्हणजे सेन्सरवर वाळू बोलावणं.

६०० ला एफ ६.३ च मिळतं, म्हणजे उजेड कमी येतो, अशी तक्रार ऐकू येते, त्यात तथ्य आहे. सूर्योदयानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात शटर १/३२०० सेकंद ठेवायचा तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००० ते ४००० जातो. ऊन चांगलं वर आलं की त्याच शटरला साधारण ५०० पुरतो. फोकसच्या खोलीची, म्हणजे पुढे-मागे किती अंतर शार्प येतं याची, मात्र अडचण नाही. ४० मीटरवर ६०० ला एफ ६.३ ने जवळजवळ १.७ मीटर खोली मिळते, दोन्ही पंख त्यात बसतात. २० मीटरवर ती अर्ध्या मीटरच्याही खाली येते. तिथे एफ ८ करा, नाहीतर डोळा शार्प आणि पंखाचं टोक सॉफ्ट येईल. शटर १/२५०० च्या खाली आणू नका. सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारा पक्षी १/२००० मध्ये ५ मिमी सरकतो. ४० मीटरवर, कॅमेरा स्थिर धरला तर, २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर हे बारा-तेरा पिक्सेल होतात. पॅनिंग नीट असेल तर यातलं बरंचसं भरून निघतं, उडणाऱ्या थेंबांचं भरून निघत नाही. ज्या बॉडीचा सेन्सर हळू वाचला जातो तिच्यावर इलेक्ट्रॉनिक शटर टाळा, पंख वाकडे येतात.

एक्स्पोजर पूर्ण मॅन्युअल ठेवा, आयएसओसुद्धा. ऑटो आयएसओ इथे दगा देतो: पक्षी आकाशावर असतो तेव्हा काळा पडतो, गडद पाण्यासमोर आला की ऑस्प्रेचं पांढरं डोकं आणि पोट उडून जातं. पांढऱ्यावर झेब्रा (जास्त उजळ भागावर कॅमेरा दाखवतो ते पट्टे) जेमतेम दिसेल न दिसेल इतपत सेट करा. पाठीचा तपकिरी भाग नंतर उचलता येतो, उडालेला पांढरा परत येत नाही.

लेन्सवरची बटणं कामाची आहेत. फोकस लिमिटर १० मीटर ते अनंत यावर ठेवा, म्हणजे फोकस चुकला तर लेन्स २.४ मीटरपर्यंत फेरी मारून येत नाही. स्टॅबिलायझरला तीन मोड आहेत. सरळ पॅनिंगला दुसरा, हातात धरून वेड्यावाकड्या उडणाऱ्या पक्ष्यामागे तिसरा. १/२५०० च्या वर बंद केला तरी नुकसान नाही. नळीवर फोकस होल्डची तीन बटणं आहेत, त्यांना बॉडीच्या मेनूतून दुसरा फोकस एरिया द्या. नेहमीसाठी झोन किंवा वाइड ट्रॅकिंग, आणि पाणी उडाल्यावर फोकस फेसाला चिकटला तर बटण दाबून मधला छोटा स्पॉट. ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी कमी, म्हणजे ‘लॉक्ड ऑन’कडे ठेवा.

कॉलरच्या (लेन्स ट्रायपॉडवर बसवायचं कडं) पायाचा निर्णय मात्र चुकलाच आहे. तो आर्का खाचेचा (गिंबलमध्ये थेट बसणारी प्रचलित खाच) नाही, त्यामुळे गिंबलवर चढवायला वेगळी प्लेट लागते. एकाच स्क्रूवर बसवलेली गुळगुळीत प्लेट पॅनिंगमध्ये हळूहळू फिरते आणि क्षितिज तिरकं येऊ लागतं. मागे ओठ (फिरणं अडवणारी उभी कडा) असलेली प्लेट घ्या किंवा पाय बदला. कॉलर काढून लेन्सचं वजन २११५ ग्रॅम. बॉडीसकट हातात धरून वीस मिनिटांनंतर खांदा बोलू लागतो, आणि ऑस्प्रेची वाट बघणं तासाभराचं असतं.

लेन्स कितीही चांगली असली तरी उभं कुठे राहायचं हे चुकलं तर उपयोग नाही. पाण्यावर थांबलेला ऑस्प्रे वाऱ्याकडे तोंड करतो आणि मासा घेऊन उठतानाही वाऱ्याकडे तोंड करूनच उठतो. म्हणून वारा पाठीवर घ्या, पक्षी तुमच्याकडे तोंड करून येईल. सूर्यही पाठीशी असेल तर उत्तम. दोन्ही जमत नसेल तर सूर्य थोडा बाजूला चालेल, वारा सोडू नका. खाडीच्या मुखाशी उथळ पाणी असतं त्या वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून काढा. दिवस तापला की वाळू आणि पाण्यावरून उठणारी गरम हवा फोटो लाटालाटांचा करते. फोकस लागला असं कॅमेरा सांगतो, तरी पिसं लिबलिबीत दिसतात. तेव्हा लेन्सला दोष देऊ नका, पक्षी जवळ येऊ द्या किंवा थांबा. घरट्याजवळ जाऊ नये, पक्षी बोलवायला मासे फेकू नयेत.

परतल्यावरची काळजी क्रमाने घ्या. आधी ब्लोअरने वाळू उडवा. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने नळी, रिंगा आणि हूड पुसा, शेवटी कोरडं कापड. सुक्या खारावर सुकं कापड फिरवलं की मिठाचे खडेच काचेवर घासले जातात. पुढच्या काचेला फ्लोरीन कोटिंग आहे, शिंतोडे सहज निघतात, तरीही पुसण्याआधी हवा मारायचीच. माउंटवरची रबरी कडा बघा, तिथे वाळूचा कण अडकला तर सील बसत नाही. झूम रिंग फिरवताना कुरकुर ऐकू आली तर जोर लावू नका, थेट दुरुस्तीला द्या. थंड खोलीतून दमट किनाऱ्यावर नेताना अर्धा तास बॅगेची चेन बंद ठेवा, नाहीतर काचेवर दव धरतं आणि पहिला उजेड ते पुसण्यात जातो.