थंडरबर्डला घड्याळाशेजारी बसवलं, दीड वर्षाचा अनुभव

वाशीला सेक्टर 17 मध्ये आमचं कस्टम्स क्लिअरिंगचं ऑफिस आहे. माणसं चार, काम सगळं न्हावा शेवा बंदराचं. माझ्या स्क्रीनवर आइसगेट (कस्टम्सचं पोर्टल), दोन-तीन एक्सेल, शिपिंग लाइनची साइट, पार्टीच्या (आमच्या ग्राहकाच्या) इन्व्हॉइसची पीडीएफ, टॅली असं सगळं एकाच वेळी उघडं असतं. खालची पट्टी भरली की हात आपोआप एकेक खिडकी बंद करत सुटतो.

एका संध्याकाळी त्यात थंडरबर्ड, म्हणजे आमचा मेलचा प्रोग्रॅमही बंद झाला. चेकलिस्टला, म्हणजे बिल ऑफ एंट्रीच्या मसुद्याला, पार्टीचं ‘ओके’ त्यानंतर आलं, मी पाहिलं दुसऱ्या दिवशी सकाळी. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सकडचा कागद, उशिरा गेलं की पहिले 3 दिवस रोज 5000 रुपये आकार, पुढे रोज 10,000. आम्हाला एकाच दिवसाचे लागले, पण पार्टीला फोनवर ते सांगताना घशाला कोरड पडली होती.

त्याच दुपारी डबा खाताखाता थंडरबर्डचं सेटिंग्ज उघडलं. जनरलमध्ये सिस्टिम इंटिग्रेशनखाली एक ओळ आहे, ‘व्हेन थंडरबर्ड इज मिनिमाइज्ड, मूव्ह इट टू द ट्रे’. तिच्यापुढे टिक केली, झालं. पूर्वी याला वेगळं ॲड-ऑन लागायचं, 2020 च्या 78 आवृत्तीपासून विंडोजवर ही सोय आतच आली. पैसे शून्य. आता मिनिमाइझ केलं की खिडकी पट्टीवरून जाते आणि घड्याळापाशी निळा पक्षी बसतो. प्रोग्रॅम चालूच असतो, मेल येत राहतात, उजव्या कोपऱ्यात सूचना उमटते.

विंडोज 11 मात्र हा पक्षी वर टोक केलेल्या बाणाखाली लपवतं. आमच्या काकांनी दोनदा विचारलं, “अगं, मेल बंद पडला का?” मग बाण दाबून पक्षी बाहेर ओढून ठेवला, चारही मशीनवर. सोबत अकाउंटच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये नवे मेल तपासायची वेळ 10 मिनिटांवरून 2 वर आणली. आमच्या धंद्यात आठ मिनिटं फार असतात.

परवा सव्वासहाला पर्स खांद्याला लावली होती, पनवेल लोकल गाठायची होती. तेवढ्यात कोपऱ्यात डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडायचं शिपिंग लाइनचं पत्र, उमटली. फ्री डेजचा, म्हणजे कंटेनरला भाडं न लागणाऱ्या दिवसांतला, शेवटचा दिवस होता. उभ्याउभ्याच ट्रान्सपोर्टरला फॉरवर्ड केली. कंटेनर रात्रीच बाहेर पडला.

एक गोष्ट सांभाळायला लागते. माझ्याकडच्या आवृत्तीत फुली दाबली की प्रोग्रॅम पूर्ण बंद होतो, ट्रेमध्ये जात नाही. जायचं तर मिनिमाइझच्या आडव्या रेघेनेच. पंधरा वर्षांची सवय आठवड्यात मोडत नाही. म्हणून चारही मॉनिटरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवली आहे: ‘फुली नाही, रेघ.’