एअर क्लीनरमध्ये ऑइल: कॉम्प्रेशन गेज लावायचा की हवा भरून बघायचं?

जुन्या टाटा 697 चा, म्हणजे ट्रकच्या सहा सिलिंडर डिझेल इंजिनाचा, एअर फिल्टर उघडला आणि कागद ऑइलने चिंब निघाला, की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बॅक मारतंय मालक, हाफ इंजिन करून टाका." म्हणजे रिंगांच्या फटीतून वायू खाली उतरतोय, रिंगा-लायनर बदला. उसाचा हंगाम तोंडावर असला की मालकही फार वाद घालत नाही. पण हेडला हात लावण्याआधी नुसती नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी) काढून दोन तपासण्या होतात. एक कॉम्प्रेशन गेजची, दुसरी सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून पळते ते ऐकायची. अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजांत दोन्हींचे पक्के पुरस्कर्ते सापडतात.

त्याआधी फुकटात होणारं उरका. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइल वरच्या खुणेपेक्षा जास्त आहे का? असेल तर त्याला डिझेलचा वास येतो का? ब्रीदर, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर सोडणारा पाइप, एअर क्लीनरकडे नेलेला असेल तर टॅपेट कव्हरमधली जाळी चोंदली आहे का? ऑइल बाथ क्लीनर (ऑइलच्या वाटीवरून हवा गाळणारा) असेल तर वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलंय का?

ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर मात्र हमखास विसरला जातो. त्याच्या रिंगा झिजल्या की गळलेली हवा ऑइल परतीच्या वाटेने इंजिनच्या चेंबरमध्येच येते आणि ब्रीदर इंजिनच बॅक मारत असल्यासारखा धुरतो. चाकांना ठोकळे लावा, कॉम्प्रेसरचा डिलिव्हरी पाइप मोकळा करा आणि इंजिन आयडलला ठेवून ब्रीदर बघा. धूर एकदम कमी झाला तर हाफ इंजिनचा विषय तिथेच संपतो, कॉम्प्रेसरचं किट पुरतं.

तरी संशय उरला तर नोझल काढावी लागतात.

कॉम्प्रेशन गेज सोपा. डिझेलसाठीचा, निदान 40 किलोपर्यंतच्या दाबाचा (चौरस सेंटिमीटरला) हवा. पेट्रोल गाडीचा लावला तर त्याचा काटाच वाकेल. स्टॉप (डिझेल बंद करणारी दोरी) ओढून ठेवायचा, सेल्फ मारायचा, आकडा वाचायचा. वाकलेला कनेक्टिंग रॉड किंवा चुकलेलं व्हॉल्व्ह टायमिंग असेल तर तेही इथेच दिसतं, हवा भरून ते कळणार नाही. मात्र बॅटरी आणि सेल्फ तब्येतीत हवेत. सेल्फ हळू फिरला की सगळेच आकडे खाली येतात आणि चांगलं इंजिन आजारी ठरतं.

हे सगळं चालवून घेता येतं. खरी अडचण वेगळीच आहे आणि माझ्या मते निकाल तिथेच लागतो. ज्या इंजिनात ऑइल वर चढतंय, त्याचाच आकडा गेज चांगला दाखवतो. 697 म्हणजे सहा सिलिंडर, 97 मिमी बोअर, 128 मिमी स्ट्रोक. एका सिलिंडरचे 946 सीसी होतात. कॉम्प्रेशन रेशो 17 ला 1 धरला तर पिस्टन वर आल्यावर जागा उरते साधारण 59 सीसी. त्यात 5 सीसी ऑइल साचलं की तोच रेशो साडेअठराच्या आसपास जातो, शिवाय ऑइल रिंगांची फटही बुजवतं. झिजलेला सिलिंडर शेजाऱ्यापेक्षा सरस दिसतो. खात्री करायला वरून ऑइल टाकून पुन्हा गेज लावायची पेट्रोलवाली पद्धत इथे म्हणूनच फारशी कामाची नाही.

हवा भरायला खटपट जास्त. भंगारातल्या नोझल होल्डरचं पोट रिकामं करून त्यावर हवेचं कपलिंग वेल्ड करून घ्यायचं. प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकावर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असे, आणायचा: सहा नंबरचे व्हॉल्व्ह डोलत (एक मिटताना दुसरा उघडत) असले की एक नंबर टोकावर असतो, तसंच 2-5 आणि 3-4 च्या जोड्यांचं. फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4, म्हणून दर वेळी क्रँक 120 अंश फिरवायचा. गाडी टॉप गिअरमध्ये, चाकांना ठोकळे, आणि क्रँक फिरवायला पुलीवर लावलेला पाना काढल्याशिवाय हवा सोडायची नाही. 7 किलो हवेने या पिस्टनवर पाचशे किलोंच्या वर जोर येतो. पिस्टन टोकावरून जरा सरकलेला असला तर पाना मनगट मोडेल. आधी 1 किलो सोडा, क्रँक हलत नाही हे बघा, मग वाढवा.

मग ऐका. ऑइल टाकायच्या झाकणातून फुसफुस म्हणजे रिंगा-लायनर. एअर क्लीनरकडून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. रेडिएटरला बुडबुडे आले तर हेड गॅसकेट किंवा तडा. थोडी फुसफुस सगळ्याच जुन्या इंजिनांत असते, तिला घाबरू नये. सहाही सिलिंडर सारखेच जोरात गळत असतील तर मिस्त्रीचं हाफ इंजिन रास्त आहे. एकच गळत असेल तर तुटलेली किंवा अडकलेली रिंग असू शकते, तेवढंच उघडून बघा. आणि झाकणातून विशेष काहीच येत नसेल तर परत जाळीकडे आणि कॉम्प्रेसरकडे वळा.

फक्त ऑइल रिंग गेली असेल तर ती यातल्या कुठल्याच तपासणीत नीट पकडली जात नाही. पण तेव्हा निळा धूर सायलेन्सरमधून दिसतो, फिल्टर सहसा कोरडा राहतो.

जुनी गाडी विकत घेताना, तासाभरात अंदाज हवा असेल तर गेज ठीक आहे. हाफ इंजिनचा खर्च करायचा की नाही हे ठरवायचं असेल तर मी तरी हवाच भरून बघायला सांगेन, अर्धा दिवस गेला तरी.

काहीही निघो, गाडी पुन्हा सुरू करण्याआधी इनटेक पाइपमध्ये साचलेलं ऑइल पुसून काढा. ते ओढलं गेलं तर स्टॉप ओढूनही इंजिन थांबत नाही. भिजलेला कागदी फिल्टर डिझेलने धुवून परत बसवू नका. उसाच्या फडातली धूळ त्यावर चिकटून तो आठवड्यात चोंदतो.