टच स्क्रीनवाला म्युझिक प्लेयर, दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून

फोन असताना हा वेगळा म्युझिक प्लेयर कशाला घेतला, हा प्रश्न घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. तुम्ही फक्त अॅपवर मिळणारी गाणी ऐकत असाल तर खरंच नका घेऊ, फोन पुरेसा आहे. पण ज्यांच्याकडे स्वतःचं रेकॉर्डिंग आहे, कॅसेटवरून उतरवलेलं, रेडिओवरून टेप केलेलं, कुणाच्या घरच्या बैठकीतलं, आणि तेही लांबलचक, त्यांच्यासाठी ही वस्तू फार कामाची आहे, फक्त घेताना काय बघायचं ते कुणीच नीट सांगत नाही. सगळे आवाज किती क्लियर यावरच बोलतात.

माझा प्लेयर अँड्रॉइडवर चालतो, ३.६ इंची स्क्रीन, मायक्रोएसडी कार्डाची जागा, ३.५ मिमीचा हेडफोन जॅक आणि उजव्या बाजूला बटणं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी जे लिहिणार आहे ते अशा बहुतेक प्लेयरला थोड्याफार फरकाने लागू पडेल. आधी चुलतभावाचा आयपॉड टच बघितला होता, तो २००७ ला निघाला आणि २०२२ मध्ये कंपनीने बंद केला, हातात धरायला फार सुरेख, पण त्यात कार्ड टाकायची सोयच नाही आणि जास्तीत जास्त २५६ जीबीचा मिळायचा. मला कार्ड पाहिजेच होतं.

कारण ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरात आत्याचं कॅसेटचं कपाट आहे. आत्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली, संगीतशास्त्रज्ञ भातखंडे आणि ग्वाल्हेरचे माधवराव महाराज यांच्या काळात १९१८ ला सुरू झालेलं कॉलेज ते. शनिवारी रात्री आकाशवाणीची संगीत सभा लागायची (१९५२ ला सुरू झालेली ती) तेव्हा ती टेप रेकॉर्डर लावून बसायची, घरात कुणी बोलायचं नाही. त्यात ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव पंडित यांचं गाणं आहे, बाकीही बरंच काही आहे, आणि निवेदकाच्या आवाजासकट आहे. ९० मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. सीडीच्या दर्जाने उतरवलं की मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे एक बाजू ४५० एमबी, फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करायची पद्धत) केलं की त्याच्या निम्म्याच्या आसपास येते, त्यामुळे २५६ जीबीच्या कार्डावर हजारभर बाजू आरामात मावतात. अख्खं कपाट खिशात आलं आणि वर जागा उरली.

आता टच स्क्रीनचं. शोधायला टच उत्तम, यात वाद नाही. फोल्डर उघडा, राग बघा, बोटाने सरकवा, लगेच सापडतं. देवनागरी नावंही नीट दिसतात, जोडाक्षरं तुटत नाहीत, हा अँड्रॉइडचा मोठा फायदा, मित्राकडे दुसरा एक स्वतःच्या सॉफ्टवेअरवाला प्लेयर आहे त्यात «श्री» च्या जागी नुसते चौकोन येतात. पण ऐकताना टच नको वाटतो. खालची ती पट्टी असते ना, जिच्यावरून गाणं पुढे-मागे सरकवायचं, ती या स्क्रीनवर जेमतेम चार सेंटीमीटर आहे. तेवढ्यात ४५ मिनिटं. म्हणजे बोट एक मिलिमीटर हललं की गाणं मिनिटाच्या वर पुढे गेलं. बडा ख्याल चालू आहे, एक तान पुन्हा ऐकायची आहे, म्हणून तुम्ही बोट किंचित मागे नेता आणि थेट आलापात जाऊन पडता, मग पुढे नेता तर द्रुत, म्हणजे जलद लयीचा भाग, लागलेला असतो. तीन मिनिटांच्या सिनेमाच्या गाण्यांचा विचार करून बनवलेली गोष्ट आहे ही, आपल्या गाण्याचा विचार त्यात कुणी केलेला नाही. मला तर याचं फार वाईट वाटतं, कारण दहा सेकंद मागे जायचं एक बटण दिलं असतं तर काम झालं असतं. दुसरं अॅप टाकलं तेव्हा ते मिळालं, ऑडिओबुक ऐकायची जी अॅप असतात त्यांच्यात हे असतं आणि प्रत्येक फाइल कुठे थांबवली होती तेही लक्षात ठेवतात. प्लेयरबरोबर आलेल्या अॅपमध्ये तुम्ही अर्धा मालकंस ऐकून दुसरं काही लावलं आणि परत आलात की मालकंस पहिल्यापासून.

यावर मी जो उपाय केला तो सगळ्यांना सांगावासा वाटतो. ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रत्येक बाजूचे तुकडे केले, विलंबित वेगळा, द्रुत वेगळा, तराणा वेगळा. तुकडा नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तोडायचा. आणि फाइल फ्लॅकच ठेवायची, एमपी३ नाही, कारण एमपी३ बनवताना पुढे-मागे थोडीशी शांतता आपोआप चिकटते, ती प्लेयरने काढून टाकली नाही तर जोडावर बारीक खंड पडतो, आणि तबला चालू असताना तो खंड कानाला टोचतो. फ्लॅकमध्ये जोड कळतसुद्धा नाही, फक्त सेटिंगमध्ये गॅपलेस (दोन फाइलींमध्ये खंड न पाडता वाजवायची सोय) चालू आहे का ते बघा. आत्याला न सांगता ऐकवलं, तिने मान डोलावत सम घेतली, तिला कळलंच नाही की तिथे दोन फाइल आहेत.

आवाजाबद्दल. चांगला आहे, स्वच्छ आहे, फोनला हेडफोनसाठी छोटा डोंगल लावून ऐकायचो त्यापेक्षा निश्चित बरा. पण जुन्या टेपची सूं सूं यात जास्त ऐकू येते, कारण प्लेयर काही लपवत नाही. इक्वलायझरने वरचा भाग कापला की सूं सूं कमी होते हे खरं, पण त्याबरोबर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, पण जाते आणि गाणं बंद खोलीत चालल्यासारखं वाटतं. मी सगळं फ्लॅट ठेवलंय. पाच मिनिटांत कान सूं सूं विसरतो, हरवलेली जवारी मात्र विसरत नाही. आणखी एक, काही कॅसेट एकाच कानात वाजत होत्या, उतरवतानाच एक बाजू आलेली नव्हती, त्यासाठी अँड्रॉइडच्या अॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ म्हणून आहे ते चालू केलं की दोन्ही कानांत येतं. पुन्हा उतरवत बसायची गरज नाही.

ब्लूटूथवर मी जास्त लिहीत नाही, एलडॅक (ब्लूटूथवर जास्त चांगला आवाज पाठवायची पद्धत) वगैरे आहे, चालतं, पण वायर लावून ऐकण्यातच मजा आहे.

सगळ्यात जास्त शिकलो ते आत्याला वापरताना बघून. ती ऐंशीच्या पुढे आहे, बोटं कोरडी, स्क्रीन पहिल्या झटक्यात ओळखतच नाही. मग ती दाबून धरते. आणि दाबून धरलं की मेनू उघडतो, त्यात «काढून टाका» पण असतं! ती मला हाक मारते, «अरे, हे काय विचारतंय बघ जरा, मी तर नुसतं लाव म्हटलं.» नशिबाने डिलीट करायच्या आधी पुन्हा विचारतो आणि सगळ्याची कॉपी हार्ड डिस्कवर आहे, तरी पण वयस्कर माणसाच्या हातात द्यायचा असेल तर हे आधी तपासा. आता ती स्क्रीनला हात लावत नाही, मी रात्री लावून देतो आणि ती बाजूच्या बटणांनी थांबवते, पुढे नेते, आवाज कमी-जास्त करते. ही बटणं स्क्रीन बंद असताना पण चालतात. नुसत्या स्क्रीनवर चालणारा, बटणं नसलेला प्लेयर कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

बॅटरी. वायफाय बंद, स्क्रीन बंद, कार्डावरचं गाणं, असं असेल तर चांगली पुरते. पण नुसता पडून राहिला तरी उतरते, रात्री भरलेली असते आणि दोन दिवसांनी बघावं तर अर्धी. पूर्ण बंद करून ठेवावा तर चालू व्हायला वेळ लागतो. आणि ग्वाल्हेरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे, पारा ४५ च्या पुढे, दुपारी वरच्या खोलीत चार्जिंगला लावला की गरम झाला म्हणून चार्जिंगच थांबवतो. ते योग्यच आहे, लिथियमच्या बॅटरीला उष्णता मारतेच, म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे चार्ज करतो.

खरा त्रास सर्व्हिसचा. चार्जिंगचं पोर्ट सैल झालं, इथे कुणी हात लावायला तयार नाही, कुरियरने दिल्लीला पाठवावा लागला आणि परत यायला इतका वेळ लागला की आत्या रोज विचारायची आपलं यंत्र आलं का. आपल्या शहराला २०२३ मध्ये युनेस्कोने संगीताचं शहर म्हणून मान दिला, अभिमान आहेच, पण बाड्यावर, म्हणजे इथल्या मुख्य बाजारात, सगळं फिरलो तरी असा प्लेयर हातात घेऊन, हेडफोन लावून, आपली फाइल वाजवून बघता येईल असं दुकान मला सापडलं नाही. न ऐकता ऑनलाइन मागवावा लागतो. तुम्ही मोठ्या शहरात असाल तर कार्डावर आपली एक लांब फाइल घेऊन जा आणि तीच वाजवून बघा, त्यांचं डेमोचं गाणं ऐकू नका.

एक गोष्ट अजून अडलीये. फाइल कुठे थांबली ते लक्षात ठेवणारं आणि फोल्डर देवनागरीत अकारविल्हे लावणारं, दोन्ही करणारं अॅप मला मिळालेलं नाही. एकात हे आहे तर ते नाही, त्यामुळे सध्या फोल्डरच्या नावाआधी आकडे टाकून काम चालवतोय. कुणी वापरत असेल तर नाव जरूर सांगा.